कारध्याच्या छपरावरची जपानी तलवार

मी हवालदार आर्मरर होतो. युनिटमधल्या हत्यारांची दुरुस्ती आणि देखभाल हे माझं काम. गाव आसगाव, तालुका पवनी. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात आमची तुकडी पूर-मदतीसाठी भंडाऱ्याला आली. इथली बोली येते म्हणून मला बोटीवर घेतलं.

सकाळी सहाला बोट पाण्यात, संध्याकाळी सहाला बाहेर. तिसऱ्या दिवशी ११.२० वाजता नदीकाठच्या कारधा गावात एका छपरावर एक म्हातारा बसलेला दिसला. वैनगंगेचं पाणी वळचणीला लागलं होतं. त्याच्या मांडीवर धोतरात गुंडाळलेली लांब वस्तू होती.

"सामान नाही," नायब सुभेदार साहेब म्हणाले. बोटीत आधीच सात माणसं होती.

"नाना, ते ठेवा अन् या," मी म्हणालो.

"हे सोडून नाही येत, बाबू. मी बी फौजीच आहो. बर्मात होतो. हे तिथलंच हत्यार."

रेडिओ वाजला. "बोट टू, पाणी वाढतंय. ताबडतोब निघा. ओव्हर."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी म्हाताऱ्याकडे.

"घे त्यांना. हत्यारासकट."

आम्ही पन्नास मीटर गेलो असू, तेव्हा त्या घराची भिंत बसली आणि छप्पर पाण्यात गेलं.

शाळेतल्या छावणीत नानांनी माझं गाव विचारून घेतलं आणि त्या वस्तूवरचं धोतर सोडलं. आत जपानी तलवार. लढाई संपल्यावर कंपनी कमांडरनी दिलेली. त्यांचं पत्र आणि लायसन्स नानांनी प्लास्टिकच्या पिशवीत कमरेला बांधलं होतं. मुठीत गाळ शिरला होता. छावणीतला नानांचा एक शेजारी म्हणाला, "वर्कशॉपात ग्राइंडर मारून देतो, चकाचक होईल."

"हात लावू नका," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

सगळी मूठ पेन्सिलीएवढ्या एका बांबूच्या खुंटीवर होती. स्क्रू नाही, रिव्हेट नाही. पाण्यानं खुंटी फुगली होती. पितळेचा बोथट खिळा, म्हणजे पंच, लावून हळूहळू ठोकत ती काढायला अर्धा तास लागला. पातं उजेडात धरलं. धारेच्या कडेनं धुक्यासारखी पांढरी रेघ शेवटपर्यंत गेली होती. धार कडक, पाठ नरम. घाव बसला तर तुटू नये म्हणून. आणि मुठीखाली, कोणाला कधी दिसणार नाही अशा जागी, लोहारानं छिन्नीनं आपलं नाव कोरलं होतं. एकही रेघ हललेली नव्हती. अठरा वर्षांत हजारो रायफली हातातून गेल्या, पण असा थांबून मी कशाकडे पाहिलं नव्हतं.

मुठीतला गाळ काढला. पातं पुसलं, सुकवलं, तेलाचा पातळ हात दिला. तीच खुंटी परत चपखल बसली.

"पयले वाटलं, नदीत फेकून द्यावं," नाना म्हणाले. "या जपान्याइनंच आमचा सीताराम मारला. मंग एक डाव पुसून पाह्यली. इतकं निगुतीनं करणारा माणूस बी कोण्या गावचाच असन ना."

"सीताराम कोण?"

"सिपाही सीताराम मेंढे. दुपारी गोळी लागली, दिवस बुडता गेला. डोस्कं माह्या मांडीवर होतं. तुह्याच आसगावचा."

माझ्या गावचा. मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत विचारत गेलो. सीतारामची बहीण भागीरथीबाई तलावाच्या पाळीजवळ राहत होती. त्या घरी सीताराम गेल्याची फक्त तार आली होती. नानांनी सांगितलेलं मी सांगायला लागलो, तर तिनं मध्येच थांबवलं.

"त्याच्याजवळ कोनी होतं का गा?"

"नाना होते, मावशी. शेवटपर्यंत."



"मंग एकटा नोता तो," ती म्हणाली.