बाभळीवरचं गाठोडं

आमच्या फरेजा वहिनीला त्या हॉटेलात एक रात्र राहायचं होतं. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईला उतारवयात मऊ गादीची हौस आली. हौस कसली डोंबलाची. गादीवर तिला झोपच लागत नाही. वाळूवर घोंगडी टाकली की लगेच घोरायला लागते. तिला गादी नको होती, जागा हवी होती.

ती जागा आमची. डोंगर संपतात, वाळू संपते आणि एकदम पाणीच, अशी. उन्हाळ्यात आमची सगळी माणसं शेळ्या घेऊन तिथे उतरायची. झावळ्यांच्या झोपड्या घालायची. पुरुष मासे धरायचे, आम्ही बायका ओहोटीला खडकांवरून शिंपले वेचायचो, आणि खजूर उतरवून झाले की पुन्हा डोंगरात. जाताना जे न्यायचं नाही ते गाठोड्यात बांधून बाभळीवर टांगायचं नि निर्धास्त निघायचं. टांगलेल्याला कुणी हात लावत नाही. उपाशी असला तरी लावत नाही. ज्यानं टांगलं त्यानंच काढायचं, आणि तो मेल्याचं पक्कं झालं तरच त्याच्या बायकोपोरांनी. आमच्यात खुनावरसुद्धा समेट होतो, पण दुसऱ्याचं गाठोडं उतरवणाऱ्याला कुणी आपल्या विस्तवापाशी बसू देत नाही.

माझा थोरला भाऊ सुवेलम पलीकडच्या किनाऱ्यावर कामाला गेला. पलीकडचा म्हणजे समोर दिसतो तोच, संध्याकाळी ज्याचे डोंगर गुलाबी होतात. तेव्हा लपूनछपून होडीनं जायचे. निघताना त्यानं हिवाळी कोट, घोंगडी आणि कॉफीच्या बिया भाजायचं लांब दांड्याचं पळं एकत्र बांधलं, बाभळीवर टांगलं आणि वहिनीला म्हणाला, "खजूर उतरवायच्या आत येतो. थंडीत कोट लागेलच मला." तेव्हा त्यांची पोरगी वहिनीच्या कडेवर होती. आज त्या पोरीच्या कडेवर पोर आहे.

होडी बुडाली, का त्याला धरून कुठे डांबलं, का त्यानं तिकडे दुसरा संसार थाटला, काही म्हणजे काही कळलं नाही. वहिनीला मागण्या आल्या. दिसायला चांगली, हाताला चपळ, का नाही येणार? आमचा चुलता वस्तीत सगळ्यांत मोठा, त्यानंच एकदा विषय काढला.

"पोरी, किती दिवस अशी बसणार?"

"काका, बाभळीवर गाठोडं आहे ना?"

"आहे."

"मग मला नवरा आहे."

काकानं पुन्हा विषय काढला नाही. रीतच तशी.

मग मादाम नेर्मिन आली. कैरोची, मोठ्या घरची, चष्मा डोक्यावर ठेवायची सवय. तिनं जागा घेतली नि हॉटेल बांधलं. बांधलं तेही आमच्याच झोपड्यांसारखं, माती आणि झावळ्या लावून. फक्त आत दगडी टब, पांढरे पडदे, उशा इतक्या की माणसानं टेकायचं कुठे. खोल्या मोजक्याच. लांबलांबची माणसं येतात, पाण्याकडे बघत बसतात आणि म्हणतात, अहाहा, इथे काहीच नाही. काहीच नाही याचे एवढे पैसे देणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. आम्हांला रस्त्यापलीकडे, टेकडीमागे सिमेंटची घरं मिळाली. तिथून समुद्र दिसत नाही. ऐकूही येत नाही.

पण मादाम वाईट नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू. काकानं बजावलं होतं म्हणून, कारण न विचारता, तिनं बाभूळ राखली, गाठोडंही राखलं. भोवती बाकं टाकली. पाहुणे गाठोड्याखाली बसून सरबत प्यायचे नि फोटो काढायचे. मी तिथे चादरी धुवायचे, वहिनी सकाळी उलट्या कढईवर पातळ रोट्या भाजायची. बसायची मात्र अशी, की तोंड बाभळीकडे राहील. रोटी करपली तर त्या दिशेला बघताना करपायची.

मी चिडवायचे तिला. "वहिनी, रोटी बघ. कोट कुठे पळून जात नाहीये."

"तुझा भाऊ गेला ना पळून," म्हणायची, आणि हसायची. ते हसणं मला बघवत नसे.

सूर्य कलला की पिकअप आम्हांला भरून टेकडीमागे सोडायची. कामाच्या माणसांनी रात्री तिथे थांबायचं नाही, हा हॉटेलचा नियम. आणि वहिनीच्या जिवाला घोर होता तो नेमका रात्रीचा. होड्या रात्रीच येतात. तो आला, दिवे दिसले, झोपड्या नाहीत, माणसं परकी, तर तो काय करेल? चुकून दुसरीकडे आलो म्हणून परत फिरेल. "एकदा तरी रात्रीची मी तिथे असायला हवी गं," ती म्हणायची. "एक रात्र. पाण्यावरून ते कसं दिसतं, एवढं तरी बघायला हवं." एवढ्या वर्षांत एक रात्र मागत होती बाई. भाऊ माझाही होता, पण मी रात्री झोपत होते.

शेवटी हॉटेल ओस पडलेल्या दिवसांत तिनं मादामला विचारलंच. "मादाम, माझ्या नवऱ्याचं सामान आहे तिथे. त्याच्याजवळ एक रात्र राहू द्या."

मादामचे डोळे भरून आले. "एक रात्र? अहो, बाभळीसमोरची खोली तुमची. नणंदेला, रबियालाही आणा. कामाला नाही यायचं, पाहुण्या म्हणून यायचं."

आम्ही गेलो. वहिनीनं लग्नातला भरतकामाचा बुरखा घातला होता. मादाम दारात उभी होती. तिनं आम्हांला आपल्या हातानं कॉफी दिली, मासा वाढला, रोटी वाढली. आम्ही तिच्या ताटातलं मीठ खाल्लं. मग ती लहान मुलीसारखी म्हणाली, "आता खोलीत चला. एक गंमत आहे."

पलंग केवढा तरी मोठा. त्यावर गुलाबाच्या पाकळ्या, आणि पाकळ्यांच्या मधोमध सुवेलमचा कोट. धुतलेला, इस्त्री केलेला, बाह्या पोटावर दुमडलेल्या. शेजारी घोंगडी आणि घासून चकचकीत केलेलं पळं.

"वेटरला शिडी लावून काढायला सांगितलं," मादाम म्हणाली. "किती वर्षं तुम्ही लांबून बघत होतात. म्हटलं, निदान आज जवळ घ्या."

माझ्या तोंडाशी शिव्याच आल्या होत्या. वहिनीनं माझा दंड असा धरला की वळ उठले. मादामचं तोंड आनंदानं फुललं होतं, आणि आम्ही तिच्या घरात पाहुण्या होतो. वहिनी म्हणाली, "अल्लाह तुमच्या हाताला बरकत देवो."

मादाम डोळे पुसत गेली. वहिनी कोटाजवळ बसली. बराच वेळ तिनं हात लावला नाही. मग उचलला नि नाकाशी धरला.

"साबण," ती म्हणाली. "रबिया, यात तो नाहीये गं."

मी म्हटलं, "वेटर पोरगं परकं आहे, त्याला रीत माहीत नाही. त्यानं काढलेलं धरायचं नसतं." माझंच मला पटत नव्हतं.

पलंगावर आम्ही झोपलो नाहीच. कोट अंगावर घालून ती पाण्याच्या कडेला गेली, मी मागोमाग. ती गुडघाभर पाण्यात गेली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण ती नुसती वळून किनाऱ्याकडे बघत राहिली. सगळीकडे दिवेच दिवे, आणि मध्ये बाभूळ, रिकामी.

"यातून त्याला काय ओळखू येणार," ती म्हणाली. रागानं नव्हे. बाहेर येऊन ती माझ्याशेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

सकाळी पिकअपवाल्यानं आम्हांला घ्यायच्या आधीच रिकामी बाभूळ पाहिली होती, आणि फोन म्हणजे त्याचं दुसरं तोंड. वस्तीत काय चाललं असेल ते मला बसल्या जागी दिसत होतं. मी वहिनीला म्हटलं, "सरळ खरं सांग. काका पंचायत बसवेल. मादामकडून दंड घेईल, आणि तिलाच चार माणसांदेखत गाठोडं परत टांगायला लावेल. मग सगळं होतं तसं."

"आणि त्या वेटर पोराचं?"

"पळेल आपल्या गावाला."

"आणि मादामचं? हॉटेलचा रस्ता आपल्या जमिनीतनं जातो. काका बंद करेल."

"मादाम गेली उडत."

"तिचं मीठ अजून पोटात आहे, रबिया." एवढं बोलून ती मांडीवरच्या कोटाची इस्त्री हातानं मोडत बसली. बाही, कॉलर, सगळं चुरगाळत होती.

वस्तीच्या तोंडाशी सगळे जमले होते. काका काठी टेकून पुढे उभा, मागे पुरुष, त्यांच्या मागे बायका. मला वाटत होतं, सांगेल. सांगायलाच हवं होतं. एक वाक्य बोलली असती, तर माझा भाऊ जिवंत राहिला असता.

"गाठोडं कुणी काढलं?" काकानं विचारलं.

वहिनी पिकअपमधून खाली उतरली. कोट तिच्या हातात होता.

"मी काढलं."

काकानं कोटाकडे पाहिलं. "कळून-सवरून काढलंस, पोरी?"

"कळून-सवरून. मी त्याची बायको आहे. माझा हक्क आहे."

काकाची मान खाली गेली. "आपण अल्लाहचे, आणि त्याच्याकडेच परत जायचं," कुणी गेल्यावर म्हणतात ते तो पुटपुटला, आणि पुरुष एकेक करून बाजूला झाले. बायका पुढे आल्या. वहिनीच्या हातातला कोट त्यांनी घेतला, तिला जमिनीवर बसवलं, तिच्या डोक्यावरून काळं फडकं ओढलं. मग सगळ्या वाट बघत थांबल्या. दोघीजणी पिकअपपाशी आल्या आणि हाताला धरून मला उतरवू लागल्या. मयताची बहीण मी. पहिला हंबरडा मीच फोडायचा असतो.