दाजी आणि अडलेला लिंकर

आमच्या दाजींइतका अस्वस्थ माणूस कराडपासून सांगलीपर्यंत शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेत सिग्नलला होते, तिथंच संगणकाचं सी आणि युनिक्स शिकले, आणि निवृत्त होऊन मलकापुरात राहायला आले ते जणू पुढच्या बदलीच्या हुकमाची वाट बघतच. जेवताना दोनदा उठतात. लग्नाला गेले, की अक्षता पडायच्या आत मांडवाला तीन फेऱ्या मारून जनरेटर कुठं जोडलाय ते बघून येतात. खुर्चीत बसून विचार करता येतो, यावर त्यांचा विश्वासच नाही.

मी सांगलीत वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहितो. एका गळीत हंगामात मलकापूरजवळच्या साखर कारखान्यावरचा काट्याचा प्रोग्राम बदलायला गेलो. माझी एकेक फाईल बिनतक्रार कंपाइल झाली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरली, पण सगळ्या जोडून एक प्रोग्राम करायच्या वेळी ते जोडकाम करणारा लिंकर अडला. 'अनडिफाइंड रेफरन्स.' वजन वाचणारं फंक्शन लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या गठ्ठ्यात होतं, पण ते त्याला सापडेना. जुना प्रोग्राम मी शहाणपणानं आधीच पुसलेला. बाहेर उसाचे ट्रॅक्टर फाट्यापर्यंत लागले, ड्रायव्हर शिव्या देऊ लागले. घाम पुसत मी दाजींना फोन केला.

स्कूटर स्टँडला लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, "लायब्ररीत त्या फंक्शनचं नाव हाय का बघितलंस?"

"आवं दाजी, हाय की! सगळी यादी काढून बघितली."

"मग कमांड काय दिलीस ती वाच. मोठ्यानं."

मी वाचू लागलो, दाजी काट्याच्या खोलीत येरझाऱ्या घालू लागले. आधी लायब्ररी, मग माझी फाईल... दाजी गचकन थांबले.

"थांब रं! लिंकर डावीकडनं उजवीकडं जातो गड्या. लायब्ररीपाशी आला तवा कुणी काय मागितलंच न्हवतं, म्हणून तो तसाच पुढं गेला. मागणारा आधी, देणारा मागनं. लायब्ररी शेवटाला टाक."

टाकली. प्रोग्राम तयार झाला, पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. आभार मानायला वळलो, तर दाजी बाहेर रस्त्यात उभे राहून ट्रॅक्टरांची रांग सरळ करत होते.

हल्ली त्यांची नजर अधू झालीय. स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. अक्का म्हणते, दिवसातनं दहा वेळा विचारतात, माझा फोन वाजला का? परवा एका कामात लिंकर पुन्हा अडला. चूक मला लगेच सापडली, दुरुस्तही झाली. तरी मी दाजींना फोन लावला आणि सगळी एरर पहिल्यापासून वाचू लागलो.

"सावकाश वाच," ते म्हणाले. "मला कुठं घाई हाय?"