डमी मजकुराचे भाग्य

गेल्या रविवारी सकाळी, बंगळूरच्या बसवनगुडीतील आमच्या भाड्याच्या घरात, कॉफीचा पेला हाती असताना माझ्याकडून एक महाप्रमाद घडला...

पार्श्वभूमी निवेदन करणे क्रमप्राप्त आहे. अस्मादिक वर्षानुवर्षे येथील एका इंग्रजी दैनिकात पाने लावीत असत. बातमी कोणती हे इतर ठरवीत; ती किती रुंद, किती उंच आणि कोणत्या छायाचित्राशेजारी नांदेल, हे आम्ही. गेल्या वर्षी त्या सेवेतून स्वेच्छेने निवृत्त होऊन (स्वेच्छा कोणाची, हे कृपया विचारू नये) मी मराठी ब्लॉग आरंभला.

विषय भारदस्त होते... 'अक्षरवळणांचे सौंदर्यशास्त्र', 'समासातील शून्यावकाश'. प्रत्येक लेखास चार-पाच वाचक लाभत. त्यांत मी दोनदा मोजला जात असे. एकदा फोनवरून, एकदा लॅपटॉपवरून.

अशात एका जुन्या सहकाऱ्याने त्याच्या कंपनीत काम देऊ केले. साहेबलोकांच्या प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स सुबक करणे, एवढेच. उत्तर सोमवारी द्यायचे होते. मी घरात जाहीर करून टाकले की रविवारचा लेख हा अखेरचा, नंतर ब्लॉगला टाळे.

"ठरवा तुम्हीच," सौभाग्यवती म्हणाल्या. "पण त्या स्लाइड्स करून आल्यावर तुमचं तोंड कसं झालेलं असेल, ते रोज मला बघायचंय."

आता प्रमादाकडे वळू. आमच्या धंद्याची एक रीत आहे. बातमी हाती येण्यापूर्वीच पान लावायचे असते, कारण वार्ताहर कुठल्यातरी सिग्नलला अडकलेला असतो. म्हणून चौकट आखायची, पान कसे दिसते ते कळावे म्हणून तीत काहीतरी निरर्थक डमी मजकूर ओतायचा आणि बातमी आली की तो पुसायचा.

इतर मंडळी त्यासाठी तयार मजकूर वापरीत. मी मात्र रोमन अक्षरांत मराठी बडवीत असे. अख्ख्या विभागात मराठी वाचणारा एकही इसम नव्हता, त्यामुळे लेखणी निर्भय! कँटीनचा उपमा, संपादकांच्या ढेकरा, घरातले रुसवेफुगवे... रोज लिहिले आणि रोज स्वहस्ते पुसले.

ब्लॉगवरही तीच खोड. आधी पान, मग लेखन. त्या रविवारी 'मुद्रणसंस्कृतीचे उत्तरायण' असा विशाल मथळा बसवला आणि खाली सवयीने डमी मजकूर ओतला. खरा लेख दुसऱ्या फाइलीत सज्ज होता. तो आणून चिकटवायचे तेवढे राहिले... आणि मी 'पब्लिश' दाबून केस कापायला गेलो.

परतलो तो फोन गुरगुरत होता. मथळ्याखाली जगाने जे वाचले होते ते असे:

'खालच्या अक्का आणि आमची ही, यांच्यात गच्चीवरच्या दोरीवरून जुंपली आहे. अक्का पहाटेच साड्या वाळत घालून दोरी अडवतात. काल हिने एक साडी सरकवून आमचा टॉवेल घुसवला. आज दोरीच्या मधोमध सीमारेषा म्हणून एक लाल चिमटा लागलाय. दोघी बोलत नाहीत, पण अक्कांचं सारू वर येतं आणि आमची आमटी खाली जाते. मी दोन्ही जेवतो. हे युद्ध एवढ्यात मिटू नये असं मला वाटतं...'

प्रतिक्रिया इतक्या होत्या की चुकून दुसऱ्याचाच ब्लॉग उघडला असे वाटले. येलहंक्याच्या एका बाईंनी लिहिले होते, "आमच्या गच्चीवर डिट्टो हेच!" आणखी कोणी विचारत होते, "काका, मथळा कळला नाही, पण पुढे काय झालं?"

माझे बोट 'डिलीट'कडे धावले. वृत्तपत्रात असे छापले गेले असते तर त्याच दिवशी निरोपसमारंभ झाला असता, तोही नारळाविना. तेवढ्यात सौभाग्यवतींनी फोन काढून घेतला. त्यांनी वाचले होते.

"पुसू नका."

"अगं, तुझी बदनामी आहे त्यात."

"असू दे. फक्त 'घुसवला' काढा. जागा होती, म्हणून टाकला होता."

एवढ्यात दारात साक्षात अक्का! त्यांचे घराणे कैक पिढ्यांचे बंगळूरकर, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सुखाने नांदते.

"काय अण्णा, आमचं भांडण पेपरात घातलास की! नातीनं वाचून दाखवली. सरी, लिहिलास ते लिहिलास. पण तो चिमटा मी नाही लावले हं. वाऱ्यानं आला असेल."

"वाऱ्यानं?" हिने विचारले. कित्येक दिवसांत दोघींमध्ये उच्चारला गेलेला हा पहिला शब्द.

अक्कांनी क्षणभर छताकडे पाहिले. "स्वल्प मी पण सरकवले."

मग त्या दोघी जे हसत सुटल्या... मी आत जाऊन निमूटपणे कॉफी टाकली. युद्ध मिटू नये ही माझी इच्छा अपुरी राहिली, हे खेदपूर्वक नमूद करतो.

सोमवारी सहकाऱ्यास नम्र नकार कळवला. 'मुद्रणसंस्कृतीचे उत्तरायण' फाइलीत सुरक्षित आहे. मागणी येताच प्रसिद्ध करण्यात येईल... अद्याप आलेली नाही.

कोणी वाचणार नाही या खात्रीने जे लिहीत होतो, तेवढेच बहुधा माझे खरे लेखन होते. आता वाचणारे आहेत, हे ठाऊक असूनही तसेच लिहिता यावे, एवढीच धडपड आहे. थोडी भीती वाटते, पण बऱ्याच वर्षांनी सकाळी उठून लिहायला बसावेसे वाटते, हेही खरे.

'पुढे काय झालं' असे विचारणाऱ्या प्रत्येकास, आणि विशेषकरून तळमजल्यास, माझा साष्टांग प्रणिपात.