माळावरच्या कॅमेऱ्याची पूजा

मी तिसरीत शाळा सोडली. पण निमोण्याच्या वरच्या माळावरची विहीर मी स्वतः खोदलेली आहे, हे आधी सांगतो. गावापासून चालत पाऊण तास. तिथं लाईटचा खांब नाही, वस्ती नाही. मोटर सोलरवर चालते. पॅनलपासून विहिरीपर्यंत तांब्याची वायर, आन् त्या वायरीवरच चोरांचा डोळा. दोनदा कापून नेली. दुसरी तर नवी टाकून पंधरा दिवसही झाले नव्हते. ओढ्यात रबर जाळून तांबं काढलं होतं. तिथली माती अजून काळी आहे.

मुलगा कारेगावला राहतो, कंपनीत कामाला. तो म्हणाला, "आबा, तिसऱ्यांदा वायर गेली तर रान दुसऱ्याला कसायला, वर्षाच्या खंडानं देऊन टाकू. तुम्ही घरी बसा."

खंडानं घेणारा माणूसही ठरला होता, शेजारच्या गावचा. माझ्यादेखत त्यानं पावलं टाकून रान मोजलं. माझा कांदा उभा होता त्यात. घरी बसायला मी काय आजारी होतो?

मुलानं तिसरी वायर टाकली आणि एक स्वस्तातला कॅमेरा आणला. मुठीएवढा, वर त्याचं स्वतःचं सोलर, आत सिमकार्ड. चित्र मुलाच्या फोनवर दिसायचं. तो बाभळीवर चढायला लागला.

"तिथं कशाला?"

"लपवून लावू. चोर आपोआप सापडंल."

"सापडून काय करू? वायर गेल्यावर त्याचं तोंड बघत बसू? मला चोर नको, वायर पाहिजे. खाली उतर."

विहिरीच्या कडेला उंच लोखंडी पाईप रोवला आणि गाडीवाटेवरून दिसेल असा कॅमेरा वर बसवला. मग मी ठरवलं, ट्रॅक्टर आणला की पूजा होते, मोटर बसवली की नारळ फुटतो, तर याचीच पूजा का नाही? माळाखालच्या सगळ्या वस्त्यांवर पायी जाऊन आमंत्रण दिलं. रस्त्याकडेच्या भंगारवाल्यालाही दिलं.

तो म्हणाला, "मामा, मला कशाला?"

"तुमच्याशिवाय शोभा न्हाई."

मुलगा लाजला. "आबा, लोकं हसत्याल."

"हसू दे. हसायला माळापर्यंत यावं तर लागंल."

रविवारी सकाळी माळावर पन्नासेक माणूस जमलं. मुलाचा फोन हातोहात फिरला. ज्यानं त्यानं आपापलं तोंड बघितलं. एक म्हातारा ओरडला, "आयला, माझं टक्कल एवढं?" दुसरा म्हणाला, "आप्पा, वरनं बघितल्यावर खरं दिसतंय." भंगारवाला कडेला उभा होता. मी फोन घेऊन त्याच्याजवळ गेलो. "बघा, तुमचा फोटू लई झाक येतोय." तो हसला. पेढा मात्र हातातच राहिला. मी कुणाला चोर म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. फक्त सगळ्यांना कळलं की माळावर तोंड दिसतं.

मग पूजा. बायकोनं ताट धरलं, मी शिडीवर चढलो. नारळ खाली फुटला, हळदकुंकू मी वर वाहिलं. चांगलं ओलं करून, काचेवर, मधोमध.

मुलगा त्याच दुपारी ड्युटीवर गेला. वीस दिवसांनी सुट्टीवर आला तो मोटरसायकल थेट विहिरीपाशी घेऊन. मी पाणी देत होतो.

"आबा, फोनवर नुसतं लाल दिसतंय. मला वाटलं रेंज न्हाई." शिडी लावून वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तुम्ही याच्या डोळ्यावरच कुंकू फासलंय की! वीस दिवस आंधळा हाय ह्यो!"

"बरं. वायर गेली का?"

त्यानं खाली बघितलं. वायर होती. "न्हाई."

"मोटर?"

"चालू हाय."

"मग आंधळा कुठला? तू एकटाच आंधळा. बाकी गावाला वाटतंय की दिसतंय."

तो शिडीवर बसूनच हसायला लागला. मग पंच्यानं काच पुसली. चूक माझी होती, ते मी कबूल करतो. पण नारळाला पन्नास माणूस बोलवायची अक्कल त्याच्या कंपनीत शिकवत नाहीत.

त्या मोसमात वायर जागची हलली नाही. वेळेला पाणी मिळालं, कांदा असा पोसला की एकेक मुठीत मावेना. काढणी झाली तसा तो खंडवाला घरी आला. मुलगा घरीच होता. मी ओट्यावर बसलेलो. खंडवाला विचारायला मुलाकडं वळला.

मुलगा म्हणाला, "रान द्यायचं न्हाई. आबा करत्यात."

एवढंच बोलला. पण माझ्यासमोर आणि परक्या माणसाला बोलला.

खंडवाल्यानं चहा संपवला. "मग पुढच्या वर्षाला बघू, आबा?"

मी म्हणालो, "पुढच्या वर्षाला डाळिंब लावतोय. झाडं दहा-बारा वर्सं तरी टिकत्यात. तवर तुम्ही दुसरीकडं बघा."