यादीत नसलेला शब्द

"हिला बाहेर बसव. हिच्या लोकांना सवय आहे."

हे वाक्य मराठीत बोललं गेलं. कॅनडात, हॅलिफॅक्समधल्या एका विद्यापीठात, भर वर्गात, तीस-पस्तीस मुलांसमोर. त्यातल्या चौघांनाच ते कळलं. बोलणारा अथर्व, त्याच्या शेजारची सई, तिच्या पलीकडचा एक मुलगा आणि मी.

विषय होता अमेरिकन शासनाचा पाया. प्रोफेसर म्हातारे, सज्जन गृहस्थ. त्या दिवशी त्यांनी वर्गाचीच घटनासभा केली होती. बाकं गोल लावली, प्रत्येकाला एकेका राज्याचा प्रतिनिधी केलं. मग म्हणाले, ज्या खोलीत ही घटना लिहिली गेली तिथे कितीतरी लोकांना प्रवेशच नव्हता. गुलाम, बायका, इथले मूळ रहिवासी. त्यांच्या वतीने कोणीतरी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसा. व्हॉलंटियर्स?

तेव्हा माझ्याकडे बोट करून अथर्व ते बोलला. सई हसली. तो मुलगा हसला. प्रोफेसरांना शब्द कळले नाहीत, पण मुलं हसताहेत म्हणून तेही हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वंडरफुल. थँक यू."

मी उठले. खुर्ची उचलली. बाहेर जाऊन बसले.

कोणी ढकललं नाही, कोणी हात धरला नाही. माझ्याच पायांनी गेले. अथर्वच्या वाक्यापेक्षा हे मला अजून जास्त लागतं.

त्याला माझी जात कशी कळली, असं इथले लोक विचारतात. कळायला किती वेळ लागतो? पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर त्याने आडनाव विचारलं. मग जिल्हा. मग तालुका. मग म्हणाला, "अच्छा." त्यानंतर काही विचारलंच नाही. तो पुण्याचा. मी यवतमाळकडची. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. तेराव्या वर्षी शेजारच्या घरी पाणी मागितलं म्हणून मला हाकललं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, शिक, लांब जा, लांब गेल्यावर हे सुटेल. मी लांब आले. समुद्र ओलांडून आले. अच्छा.

कॉरिडॉरमध्ये माझ्यामागोमाग मरीसा आली. ती इथलीच, काळी. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच शहरात. ती स्वतःहून खुर्ची घेऊन बाहेर आली होती. दार लागलं. आत मोठमोठ्याने घटना लिहिणं सुरू झालं.

मरीसाने विचारलं, "व्हॉट डिड ही से टू यू?"

मी म्हणाले, "नथिंग. जस्ट अ जोक."

मी त्याला झाकलं. आपल्यातलं परक्यांसमोर कशाला काढायचं, असं काहीतरी डोक्यात आलं. आपल्यातलं! जणू तो आणि मी कधी एकाच पंगतीत जेवलो होतो.

त्या आठवड्यात मी ती घटना नीट वाचली. मूळ मजकुरात गुलाम हा शब्दच नाही. माणसं विकली जात होती, आणि कागदावर लिहिलं होतं, इतर व्यक्ती. शब्द टाळला की लाज टळते. मी ते पान तीनदा वाचलं. मग पुढच्या दुरुस्त्या वाचल्या. तिथे एक हक्क आहे, गाऱ्हाणं मांडण्याचा. सरकारकडे अर्ज करण्याचा हक्क. तो दुसऱ्या देशाचा कागद होता. पण मला त्या दिवशी तो माझा वाटला.

पुढच्या तासाला प्रोफेसरांनी बाहेर बसलेल्यांना सभेपुढे बोलायला पाच मिनिटं दिली. मरीसा आधी बोलली. मग मी उभी राहिले. कागदावर भाषण लिहिलं होतं. ते घडी घालून खिशात ठेवलं.

"मागच्या तासाला मी व्हॉलंटियर केलं नव्हतं," मी इंग्रजीत म्हणाले. "माझ्याबद्दल एक वाक्य बोललं गेलं. मी ते आधी मराठीत सांगते, मग त्याचा अर्थ सांगते."

सांगितलं. दोन्ही भाषांत. मग हिचे लोक म्हणजे कोण, आणि सवय म्हणजे कशाची, तेही सांगितलं. विहीर. देऊळ. शाळेतली वेगळी रांग.

प्रोफेसरांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं." खरंच नव्हतं. पण ठाऊक नसणं परवडतं काहींना.

अथर्व हसून म्हणाला, "सर, इट्स आउट ऑफ कॉन्टेक्स्ट. आम्ही सगळे फ्रेंड्स आहोत."

तास सुटल्यावर तो दारात माझ्याजवळ आला. आवाज अगदी मऊ. मराठीत म्हणाला, "गावाकडे कोण कोण असतं गं तुझं?"

एवढंच. पुढे गेला.

चार दिवसांनी सकाळी अनोळखी नंबरवरून फोटो आला. आमच्या घराचं फाटक. आईने तारेवर वाळत घातलेलं लुगडं. बाबांची सायकल. खाली एक शब्द नाही. मी तो फोटो मोठा करून पाहिला. फाटकाशेजारी आई पाठमोरी उभी होती. तिला कळलंच नव्हतं.

बाहेर धुकं होतं. बंदरावरून फेरीबोटीचा भोंगा येत होता. मी बसमध्ये बसले आणि प्रत्येक भारतीय चेहरा पाहायला लागले. यानेच पाठवला असेल का? हिचा भाऊ असेल का तिकडे?

मी एका मराठी कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये राहत होते. काका आयटीत, स्वभावाने गोड. त्यांची लेक कधीकधी खाली येऊन होमवर्क विचारायची. त्या आठवड्यात ती यायची थांबली. रविवारी काका जिन्यावरच उभे राहून म्हणाले, "बेटा, तू कॉलेजात काहीतरी कंप्लेंट केलीस म्हणे."

"अजून केली नाही, काका."

"मग करू नकोस. इथे आपण सगळे एकच आहोत. जात-बित तुम्हीच सामानात घालून आणता." मग म्हणाले, "स्टडी परमिटवर आहेस. नाजूक काम असतं ते. आणि या महिन्याअखेरीला दुसरीकडे जागा बघ. आमच्याकडे पाहुणे यायचेत."

पाहुणे. बरं.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार केली. विद्यापीठाच्या मानवी हक्क कार्यालयातली बाई नम्र होती. पाणी दिलं, टिश्यू पुढे ठेवले. मी सगळं सांगितलं. तिने भेदभावविरोधी नियमाची यादी काढली. वंश, रंग, धर्म, लिंग, अपंगत्व, बरंच काही. बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"कास्ट हा शब्द यात नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही सगळे एकाच देशाचे, एकाच भाषेचे. मग हे नेमकं कशात बसवायचं?"

माझ्या डोळ्यांसमोर ते पान आलं. इतर व्यक्ती.

मी म्हणाले, "मग शब्द घाला."

ती म्हणाली, "ते माझ्या हातात नाही."

मरीसाच्या हातातही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तिने स्टुडंट सेंटरच्या दाराशी टेबल लावलं. वर कागद. विद्यापीठाच्या नियमात जात हा शब्द घाला, अशी मागणी. खाली सह्या. ती म्हणाली, "माझ्या आजीच्या वेळी लोक आम्हालाही म्हणायचे, इथे तसलं काही नाही." मी तिच्या शेजारी उभी राहिले. जॅकेट, टोपी, हातमोजे, आणि थंडीने ठणकणारी बोटं. नायजेरियाच्या मुलांनी सह्या केल्या. इथल्या मूळ रहिवासी मिकमाक मुलींनी केल्या. जालंधरचा एक मुलगा थांबला, मला हळूच म्हणाला, "दीदी, मैं भी," आणि सही करून खाली मान घालून गेला. मराठी मुलं समोरून यायची आणि फोन कानाला लावायची.

तिसऱ्या दिवशी सई आली. सही केली नाही. मला बाजूला घेतलं. ओठ कोरडे पडले होते तिचे.

"मी हसले होते," ती म्हणाली.

"माहितीये."

"हे बघ." तिने फोन पुढे केला. त्यांच्या ग्रुपमधले मेसेज. माझ्या गावाचं नाव. कोणाचा तरी चुलतभाऊ त्या तालुक्यात आहे, तो जाऊन येईल. फाटकाचा तोच फोटो. खाली अथर्वचं: "अजून काही करायचं नाही. एवढं पुरे होईल."

"मला पाठव," मी म्हणाले.

तिने पाठवलं. पण आधी स्वतःचं नाव काळं करून. "प्लीज, माझं नाव घेऊ नकोस. माझं लग्न ठरतंय," ती म्हणाली आणि गेली. मी तिला माफ केलं नाही. पण पुरावा माझ्याकडे आला.

आता मी मरीसाच्या आईकडे राहते. तक्रार पुढे गेली आहे. तीन जणांची समिती नेमली आहे, गुरुवारी सकाळी सुनावणी. कार्यालयाने कळवलं की हवं तर तुमचं नाव गुप्त ठेवता येईल, आम्ही तशी शिफारस करतो.

काल घरी फोन केला. आई रडत होती. "दोन पोट्टे येऊन गेले वं," म्हणाली. "गाडीवरून उतरलेच नाहीत. नुसतं पाहत बसले." मग बाबांनी फोन घेतला. हेच बाबा, ज्यांनी मला पहिल्यांदा घटना वाचून दाखवली, आपली घटना. ते म्हणाले, "मागं घे पोरी. आम्ही म्हातारे आहोत. आमच्यानं होत नाही."

बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी सांगितलं, पोलीस ठाण्यात जा, बौद्धवाड्यातल्या पोरांना सोबत घ्या, फाटकाला आतून कुलूप लावा, फोनवर कोणाशी बोलू नका. ते पुन्हा म्हणाले, "मागं घे."

"नाही, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. ते फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही.

आज सकाळी कार्यालयाला उत्तर पाठवलं. नाव गुप्त ठेवू नका. सगळ्या कागदांवर पूर्ण लिहा, आडनावासकट. सोबत फोटो जोडला, मेसेज जोडले, चारशेच्या वर सह्या जोडल्या.

निकाल माझ्या बाजूने लागेल असं मी धरून चाललेली नाही. अथर्वच्या वडिलांनी वकील दिला आहे. प्रोफेसरांनी अजून साक्ष द्यायचं कबूल केलेलं नाही. माझ्या गावात कोण मोटरसायकलवर बसून आहे, मला ठाऊक नाही.

पण तक्रार मी मागे घेणार नाही. परवाच्या सुनावणीतही नाही, निकालानंतरही नाही. विरोधात गेला तर अपील करीन. अपील फेटाळलं तर पुन्हा टेबल लावीन.