शेलारसरांकडची एकमेव कॅसेट

संगीतकार शेलारसर मला पहिल्यांदा भेटले ते मुंबईच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. मनमाडहून व्हायोलिन घेऊन आलेली मी मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते. सर जवळ आले. "मनमाडच्या ना तुम्ही? मी घोटीचा. आपल्याकडची माणसं घाबरली तरी सुरात असतात. वाजवा."

पुढची वीस वर्षं त्यांच्या चित्रपटांत, मालिकांत मी वाजवलं. एका मालिकेचं संगीत अचानक संगणकावर करायचं ठरलं आणि आम्हा नऊ वादकांचं काम गेलं, तेव्हा सरांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. "दुसऱ्याकडून कळायला नको," एवढंच म्हणाले.

सरांची प्रत्येक चाल आधी त्यांच्या पत्नी सुधाताई गात. गायिकेला चाल समजावी, एवढ्यापुरतंच ते कच्चं ध्वनिमुद्रण. गायिका गाऊन गेल्या की ताईंचा आवाज पुसला जाई.

चार वर्षांपूर्वी ताई गेल्या. मूलबाळ नाही. सर मुंबई सोडून नाशिकला, गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले. मी भेटायला गेले तर हार्मोनियमवर वर्तमानपत्रांची रद्दी साचलेली.

"इतक्या चाली गायली ती," सर म्हणाले, "माझ्याकडे एकही नाही. मीच पुसायला सांगायचो."

तेव्हा मला आठवलं, सरावासाठी मिळालेली, ताईंच्या आवाजातली एक कॅसेट माझ्या माळ्यावर होती. पुढच्या रविवारी टेपरेकॉर्डरसकट ती घेऊन गेले. ताई गाऊ लागल्या. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. अंतऱ्यात ताई अडखळल्या आणि टेपमधून सरांचाच आवाज आला, "नीट गा, वेळ जातोय सगळ्यांचा."

सर वळले. "असा बोलायचो मी तिच्याशी?"



पुढे या कॅसेटबद्दल कळल्यावर एका निर्मात्यांनी ताईंचा आवाज नव्या चित्रपटासाठी मागितला. संगीतही सरांनीच करावं, असा आग्रह धरला. कित्येक वर्षांनी चालून आलेलं काम. सरांनी नकार दिला. मला म्हणाले, "तिला कधी काही विचारलं नाही, अनघा. आता परस्पर कसा देऊ?"

यंदा सरांच्या पंचाहत्तरीला लोक त्यांच्या चाली आठवतील. मला त्याहून हा नकार मोठा वाटतो. पुढची पुष्कळ वर्षं सरांची बोटं पुन्हा पेटीवर फिरत राहोत, त्यांना वेळेवर भूक लागो, शांत झोप लागो.

सर, या रविवारी दुपारी मी येते आहे. भात दोघांचा लावा.