बावटा उतरेपर्यंत

कल्याणहून मुरबाडची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि शेजारची बाई सारखी त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलंच, "लेकीकडं चालल्या काय?"

"नाही हो," मी म्हटलं, "नवऱ्याच्या रायफल क्लबात."

त्यावर बाईंनी जी खिडकीकडे मान वळवली ती मुरबाड येईपर्यंत काही इकडे केली नाही.

आमचे हे, म्हणजे क्लबातल्या सगळ्यांचे अप्पा, नगरपालिकेत नकाशे काढायचे. झुरळ दिसलं तर मला हाक मारणारा माणूस, पण लांब पल्ल्याच्या रायफलीचं वेड असं की एक रविवार चुकला तर आठवडाभर तोंड पडलेलं. मी त्या रायफलीला माझी सवत म्हणायची. "सवतीला तेल लावून झालं असेल तर पानावर या," असं ओरडले की ते हसत यायचे. त्यांनी मला कितीदा तरी चल म्हटलं होतं. पण मला फटाक्याचा आवाज सोसत नाही, तिथे हे काय सोसणार?

गेल्या मार्गशीर्षात ते तिथून परत आलेच नाहीत. निशाणांखालच्या खड्ड्यात छातीत कळ आली आणि गेले. क्लबवाले म्हणाले, "लगेच वर काढलं हो, वहिनी." शहापूरचे डॉक्टर मात्र बोलता बोलता म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." ते आपलं सहज बोलले बिचारे. माझं मात्र वर्ष त्या 'थोडं आधी'पाशी अडकून पडलं. लगेच काढलं म्हणता, तर मग उशीर कुठे झाला? आणि त्या वेळी यांच्याजवळ कोण होतं? एवढंच मला विचारायचं होतं, आणि ते जिथे घडलं तिथेच विचारायचं होतं. म्हणून हा प्रवास.

मुरबाडच्या स्टँडवर सबनीस जीप घेऊन उभे होते. हे क्लबचे चिटणीस, राहणार शहापूरचे. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी मला आग्रहाने भजी खायला घातली, स्वतः मात्र नुसता चहा ढवळत बसले. वर्षभरात माणूस वाळून काडी झाला होता. माझ्याशी बोलताना नजर सारखी माझ्या डब्यावर. "लाडू का?" म्हणाले. "अप्पांचे लाडू..." आणि पैसे द्यायला उठले.

सरळगावला मोठा रस्ता सोडून आम्ही किन्हवलीच्या बाजूला वळलो. भातं कापून झाली होती. खाचरांत वालाचे कोंब वर आले होते आणि घराघरापुढे उडव्या (भाताच्या भाऱ्यांच्या रचलेल्या गंज्या) उभ्या होत्या. कुठे कुठे झोडणी चालली होती, तिचा धपधप आवाज जीपमध्ये येत होता. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उन्हात अगदी जवळ वाटत होती. इतका सुंदर मुलूख हे एकटेच बघत राहिले, असं मनात आलं आणि राग आला. कुणाचा, ते विचारू नका.

डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो तर पुढे वळणावर बांबूला लाल बावटा लागलेला. सबनीसांनी जीप थांबवली. करंजाच्या झाडाखाली आधीच पाच-सहा माणसं बसली होती. मी उतरायला गेले आणि चपलेचा अंगठा तुटला. शुभशकुनच म्हणायचा!

गवताच्या भाऱ्यावर बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "बसा बाई. बावटा वर हाय."

"किती वेळ?"

"उतरंल तवा उतरंल. एक डाव आमची वरात थांबली व्हती हितं. नवरदेव बी गुमान बसला व्हता मुंडावळ्या सावरत. बावट्याम्होरं कुनाचं चालत नाय."

"आणि कुणी गेलंच तर?"

"अप्पा व्हते ना आमचे. ते कुनाला जाऊ देत नसत. मिनिस्टर आला तरी बसवीन, बोलायचे."

सबनीस जीपच्या चाकाकडे बघत राहिले. मी कोण ते मी सांगितलं नाही.

डोंगरामागून एकेक बार ऐकू येत होता. मी दर वेळी दचकत होते, आणि दचकल्यावर म्हातारबाबा दर वेळी हसत होते. मग शिट्टी झाली, बावटा खाली आला आणि सगळी माणसं आपापली गाठोडी उचलून वाटेला लागली. आम्हीही निघालो.

रेंज म्हणजे काय असेल, मी काहीतरी भव्य समजत होते. तर एक लांबलचक माळ. अलीकडे मातीचा ओटा, तिथे पालथं पडून नेमबाज बार काढणार. पार पलीकडे डोंगराला टेकून मातीचा बांध, आणि बांधाच्या आत खोल खड्डा. खड्ड्यातल्या माणसांनी निशाणाच्या चौकटी वर ढकलायच्या, बार झाला की खाली ओढायच्या, भोक बुजवायचं, पुन्हा वर.

सबनीस मला नियम सांगायला लागले. हुकूम झाल्याशिवाय गोळी भरायची नाही. नळीचं तोंड कायम निशाणाकडे. पुढे कुणी माणूस असेल तर हत्याराला हात लावायचा नाही. कुणीही, अगदी पाहुण्याने जरी 'थांबा' म्हटलं तरी सगळ्यांनी थांबायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, बावटा वर आहे तोवर खड्ड्यातल्याने बाहेर डोकं काढायचं नाही. बावटा उतरला, शिट्टी झाली, की मगच वर.

"हे सगळं अप्पांनी बसवलेलं, वहिनी."

ते मला सांगायला नको होतं. आमच्या घरात तरी दुसरं काय होतं? बाहेर पडताना "गॅस बंद?" असं विचारायचे आणि मी "बंद" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचे नाहीत. मी मुद्दाम गप्प राहायची. मग आम्ही दोघं कुलूप हातात घेऊन दारात उभे.

"मला खड्ड्यात बसायचंय," मी म्हटलं.

"वहिनी, तिथे कशाला..."

"नियमात बसत नाही का?"

"बसतं," ते हळूच म्हणाले. "बसतं."

खड्ड्यात हिराबाई होती. जवळच्या पाड्यावरची, चाळिशीची असेल. पुढ्यात कागदाचे कपटे आणि डब्यात तांदळाच्या पिठाची खळ. माझी तुटकी चप्पल बघून तिने आधी ती काढून घेतली आणि सुतळीने बांधून दिली. मी डबा उघडला तशी तिचा चेहराच बदलला.

"लाडूवाल्या बाई तुमीच काय गो!"

मला कळेना.

"अप्पा दर टायमाला आनायचे. दोन त्यांचे, दोन माझे. माझ्या पोरी वाट बघत बसायच्या."

आणि मी म्हणत होते, या माणसाला चार चार लाडू लागतात, पोट बघा! मी तोंडाला पदर लावला. हिराबाईने लाडू खाल्ला नाही, ओटीत बांधून ठेवला.

बावटा चढला, शिट्टी झाली. डोक्यावरून पहिली गोळी गेली ती चाबूक ओढल्यासारखी, आणि बार मागून ऐकू आला. मी भिंतीला चिकटले. हिराबाईने चौकट खाली ओढली, बोटाने खळ लावली, कपटा चिकटवला, चौकट वर ढकलली. मग लांब काठीच्या थाळीने, गोळी कुठे लागली ते ओट्यावरच्यांना दाखवलं. पुढची गोळी चौकटीला लागलीच नाही. तेव्हा तिने दुसऱ्या काठीची लाल झेंडी वर काढून इकडून तिकडे हलवली.

"ही कशाला?"

"चुकली म्हून सांगाया."

दोन-तीन बार गेले. मग मी विचारलं, "हिराबाई, त्या दिवशी इथे कोण होतं?"

तिचा हात खळीत थांबला. "मीच व्हते. शेवटची फेरी व्हती. वरती येकटे सबनीस सायेब, हितं अप्पा नि मी. अप्पा बोलले, हिरा, जरा बसतो. सदरा घामानं चिंब. मी वर ओट्याला फोन फिरवला, त फोन मेलेला."

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. आख्ख्या शहराचे फोन जोडून दिले, आणि माझ्या माणसाच्या वेळेला तीनशे यार्डांची तार मेली होती. "मग?"

"मंग झेंडी घेतली नि हालवली. किती हालवली! त वरनं आनखी येक गोली आली. पुन्ना हालवली, पुन्ना गोली. त्यांना वाटलं, चुकली म्हून दावतेय."

बोलता बोलता तिने चौकट ओढली, कपटा लावला, वर ढकलली. हात थांबवून चालत नव्हतं.

"मी बोलले, मी वर चढते नि बोंबलते. चढाया लागले त अप्पांनी माझा मनगट धरला. त्यांना बोलाया व्हईना, पन सोडीनात. 'बावटा' बोलले. 'बावटा हाय वर.' मी रडले, शिव्या दिल्या बाई त्यांना, खोटं कशाला बोलू. नाय सोडला. सायबांच्या गोल्या संपल्या तवा बावटा उतरला. तवर अप्पा..." तिने नाक पुसलं. "हात गार पडला तरी मूठ सुटली नाय. सायबांनी येकेक बोट सोडवला."

मला काय झालं ते मलाच कळलं नाही. त्या सबनीसाला जाऊन गदागदा हलवावं, की यांना हलवावं? "अहो, मेलात की तुमच्या त्या नियमापायी!" मी ओरडले आणि उठून पायऱ्यांकडे धावले.

हिराबाईने मनगट धरून मला अशी ओढली की मी तिच्या अंगावर पडले. वरून गोळी गेली.

"उठू नका, बाई. बावटा उतरला नाय."

तिची खळीने भरलेली बोटं माझ्या मनगटावर घट्ट रुतली होती. मी सोडवून घ्यायला गेले, तिने सोडलं नाही. मग मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. वर्षभरात असं रडले नव्हते. फेरी संपेपर्यंत एका हाताने ती चौकट ओढत राहिली आणि दुसऱ्या हाताने मला धरून राहिली.

"धाकटीचं लगीन झालं औंदा," मधेच ती म्हणाली. "अप्पांचं नाव घेतलं मांडवात."

शिट्टी झाली. सबनीस बांधाशी येऊन उभे राहिले, माझ्याकडे बघून त्यांना सगळं कळलं.

"झेंडी दिसत होती, वहिनी. मला वाटलं, माझाच नेम चुकतोय. मी दर वेळी नेम सरकवून पुन्हा बार काढत होतो." त्यांनी खड्ड्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आता खड्ड्यात पांढरं फडकं ठेवलंय. ते दिसलं की सगळं थांबवायचं."

वरातीमागून घोडं! तोंडापर्यंत आलं होतं, पण बोलवलं नाही. त्यांना मी माफ केलं का? मला माहीत नाही. लाडू मात्र दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि तसेच उभे राहिले.

हिराबाईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. मी सगळं खाल्लं. तिच्या थोरलीने वाढलं. पोरगी आईसारखीच दिसते.

किन्हवलीवरून शहापूरला आलो तेव्हा बाजारात दिवे लागले होते. याच रस्त्याने सबनीसांनी यांना आणलं होतं. शहापूरला त्यांनी मला गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे होते.

घरी आले, दिवा लावला. उशीर कुठे झाला ते विचारायला मी गेले होते. तर तो उशीर आमच्या ह्यांनीच केला होता, हिराबाईचं मनगट धरून. जाताना त्यांच्या हातात माझा हात नव्हता याचं मला वर्षभर वाईट वाटत होतं. ते अजूनही वाटतं, नाही कशाला म्हणू? पण हिराबाईचा तो हात सोडायचा नव्हता, एवढं आता मलाही पटलंय.

हात धुवायला मोरीत गेले. मनगटावर खळ वाळून पांढरी झाली होती, चार बोटं स्पष्ट उमटलेली. मी नळ सोडला, आणि तसाच बंद केला.